कापड पिळायचं नसतं

बेलोज कॉर्नर गावात दारू विकायला बंदी होती. ती बंदी घालायला मार्चच्या गावसभेत जे हात वर जायचे, तेच हात ऑगस्टात चर्चमागच्या घोड्यांच्या पडवीत रमचा मग धरायचे, आणि यात कुणालाही कधी काही वावगं वाटलं नाही. सभेच्या दिवशी बाहेर घोटाभर चिखल असायचा आणि आत शेगडीभोवती ओल्या लोकरीचा वास. सभापती विचारायचे, "दारूच्या दुकानाला परवानगी द्यायची का?" आणि झाडून सगळे बाप्ये आपापल्या बायकांच्या देखत नको म्हणायचे. एका वर्षी क्लाइड बॅजरला डुलकी लागली होती. बायकोने, म्हणजे मर्टलने, कोपर मारलं तसा तो दचकून जागा झाला आणि भलत्याच वेळी हात वर करून बसला. 'हवं'च्या बाजूला एकटा क्लाइड! पुढे दोन आठवडे त्याला घरी उकडलेल्या कोबीशिवाय काही मिळालं नाही. तेव्हापासून कोबीचं शेत आलं की तो गाडीत तोंड दुसरीकडे फिरवायचा.

त्या सभेत सगळ्यात उंच जाणारा हात हायरम टटलचा. आणि पडवीत रम ओतायचा मानही त्याचाच.

हा मान त्याला बायकोमुळे मिळाला होता. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या घराचा दिवस असायचा. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परत यायची, चर्चसमोरच्या हिरवळीवर लांबलचक टेबलं मांडली जायची, आणि हार्टफर्डला नाहीतर बोस्टनला राहून जाड झालेली पोरं आपल्या जुन्या मास्तरीणबाईंसमोर पोट आत घेऊन उभी राहायची. तिथल्या मोठ्या मेपलच्या झाडाखाली ऑर्फा टटलचं टेबल. त्यावर पांढरं कापड, काचेचा मोठा हंडा, डाव, आणि हंड्यात तिचं रासबेरीचं श्रब. श्रब म्हणजे रासबेरी, सफरचंदाचा सिरका आणि साखर यांचा पाक. एक डाव पाक, पाच डाव झऱ्याचं पाणी, बर्फ, वर पुदिना. आंबट, गोड आणि गार. दिवसभर गवत कापून आलेला माणूस ते एका दमात प्यायचा आणि मग डोळे मिटून उभा राहायचा, जणू कुणी त्याच्या मानेवरून ओलं फडकं फिरवतंय.

हे झालं झाडाखालचं. चर्चच्या मागे, जिथे पूर्वी रविवारी घोडे बांधायचे, त्या पडवीत हायरमचं दुकान असायचं. टिनच्या मगात बर्फ फोडून घालायचा, त्यावर दोन बोटं श्रब, दोन बोटं रम, पाण्याचा एक शिडकावा, स्वयंपाकघराच्या पायरीशी उगवणाऱ्या लिंबाच्या वासाच्या पाल्याची दोन पानं, आणि शेवटी पुदिना. पुदिना चुरगळायचा नाही. तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, बस्स. चुरगळला की कडू होतो, हे त्याला ऑर्फानेच शिकवलं होतं. आता शहरात याला कॉकटेल म्हणतात आणि उंच ग्लासात देतात असं ऐकिवात आहे. पडवीत त्याला काहीच म्हणायचे नाहीत, कारण तिथे काही चाललंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ऑर्फालाही ठाऊक नव्हतं. फक्त सकाळी अकराच्या सुमारास ती एका टोपलीत श्रबची बाटली ठेवायची, तिच्यावर पुदिन्याची जुडी, त्यावर रुमाल, आणि नवऱ्याला हाक मारायची. "हायरम, हा पुदिना मागे घेऊन जा. घोड्यांना माशा लागल्या असतील."

त्या पडवीत तीस वर्षांत एकही घोडा उभा राहिला नव्हता.

एकदा एक तरुण पाद्री नवीनच आले होते. मागच्या बाजूला हशा कसला चाललाय म्हणून ते बघायला गेले, आणि हे ऑर्फाबाईंचंच सरबत आहे अशा भरवशावर तीन मग प्यायले. दुसऱ्या दिवशीचं प्रवचन बारा मिनिटांत संपलं. गावाच्या इतिहासात एवढं आटोपशीर प्रवचन झालेलं नाही. म्हातारे अजून त्या पाद्र्याचं नाव आदराने काढतात.

तर असा त्या दोघांचा शेहेचाळीस वर्षांचा संसार. ती पुढे, तो मागे, मध्ये चर्च.

ऑर्फाचं विसरणं सुरू झालं तेव्हा ते आधी गमतीचं वाटलं. सफरचंद भरून भाजायच्या 'पाय'मध्ये साखरेऐवजी मीठ पडलं. हायरमने दोन फोडी खाल्ल्या, तिसरी कुत्र्याला दिली, आणि कुत्र्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते तो महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला. मग ती चमचे ओव्हनमध्ये ठेवायला लागली. मग एका फेब्रुवारीच्या सकाळी ती अंथरुणात नव्हती. गोठ्यात सापडली, हातात दुधाची चरवी, एका रिकाम्या ठाणाशी तिवईवर बसलेली.

"ऑर्फा, काय करतेयस इथे?"

"क्लोव्हरची वाट बघतेय. अजून आली नाही कुरणातून."

क्लोव्हर गाय मरून वीस वर्षं झाली होती. हायरमने दुसरी तिवई ओढली आणि तो तिच्याशेजारी बसला. बाहेर बर्फ पडत होता. तासाभराने तीच उठली. "आज काही येत नाही वाटतं," म्हणाली, आणि चरवी पालथी घालून घरात गेली.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मुलगी लोरेन हार्टफर्डच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"बाबा, आईला दे जरा."

"ती झऱ्यावर गेलीय."

"फेब्रुवारीत?"

"गोठलाय का ते बघायला."

"मागच्या रविवारी ती मर्टलकाकूंकडे होती. त्याआधी माळ्यावर. ती घरात कधी असते रे?"

"तुझी आई आहे. एका जागी बसते का कधी?"

पण ईस्टरला लोरेन स्वतःच येऊन थडकली. दाराशी आईने तिला तोंडभर हसून आत घेतलं, कोट उतरवून घेतला, खुर्ची दिली आणि विचारलं, "लांबून आलात का?"

जेवण झाल्यावर बापलेक ओट्याशी भांडी विसळत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय कधीपासून? थकलीय ती. सण म्हणजे दगदग असते."

"बाबा, मी रोज अशी माणसं बघते. मला शिकवू नकोस. ती एक दिवस शेगडी पेटती ठेवून बर्फात चालत जाईल आणि तू गोठ्यात असशील. वॉटरी मिल्सला वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, स्वच्छ आहे. तिथल्या दोघीजणी माझ्या ओळखीच्या आहेत."

"तिला तिथे कोण ओळखतं?"

लोरेनने विसळलेलीच बशी पुन्हा विसळली. तिच्या मनात उलटा प्रश्न आला होता, आणि तो हायरमलाही ऐकू आला.

मग त्याने तो सौदा केला. कुणी करायला लावला नव्हता, स्वतःच्या तोंडाने केला. फडकं ओट्यावर आपटून म्हणाला, "जुन्या घराच्या दिवसापर्यंत थांब. तिने श्रब केलं आणि टेबलाशी उभी राहिली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जिला श्रब जमतं तिचं डोकं जाग्यावर आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

लोरेनने ओले हात पुसले. "ठीक आहे," म्हणाली. बापाला नाही म्हणणं तिलाही जड जात होतं.

जुलैत रासबेरी पिकल्या. त्या वर्षी एका अस्वलाने खालच्या कुंपणाकडची झुडपांची जाळी पार आडवी करून ठेवली होती. हायरमने ऑर्फाला सावलीत खुर्चीवर बसवलं, मांडीवर डबा दिला, आणि तो वरच्या जाळीतल्या बेरी तोडून तिच्या डब्यात टाकू लागला. तासाभराने बघतो तर डबा रिकामा आणि तिची हनुवटी लाल.

"अगं, खाल्ल्यास सगळ्या?"

"गोड होत्या," ती म्हणाली.

त्याला हसू आलं. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात आलं आणि तो परत जाळीत शिरला.

शेहेचाळीस वर्षं त्याच्या घरात श्रब झालं होतं आणि त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? त्या चार दिवसांत ऑर्फा त्याला स्वयंपाकघरात पाय टाकू द्यायची नाही. बूट वाजतात, जमीन हलते, पाकाला धक्का लागतो, अशी तिची कारणं. जेवणाचं ताट मागच्या पायरीवर मिळायचं. आता तो तिलाच विचारत होता.

"ऑर्फा, बेरी धुवायच्या का गं?"

"मर्टलला विचार."

"सिरका किती घालायचा?"

"आज मंगळवार आहे ना?"

गुरुवार होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो डबा घेऊन निघाला, तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "आधी दव वाळू दे, मग तोड." हायरम अंगणातच थांबला. दव वाळेपर्यंत, पुरते दोन तास, तो पायरीवर डबा घेऊन बसून राहिला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला एवढं शहाणपणाचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

बेरी मोठ्या बरणीत घातल्या. तळघरात पिंप होतं. त्यातला सिरका ऑर्फाच्या माहेरचा. सिरका ज्या सायीसारख्या गोळ्याने धरतो, तो गोळा बरणीत घालून, मांडीवर घेऊन ती लग्नात घोडागाडीतून आली होती. सासूने विचारलं होतं, "हुंड्यात हे काय आणलंस, बेडूक?" तोच गोळा अजून पिंपात होता. हायरमने बेरी बुडतील इतका सिरका ओतला, वर फडकं बांधलं आणि तीन दिवस लाकडी चमच्याने सकाळ-संध्याकाळ ढवळलं. तिसऱ्या दिवशी घरभर असा वास सुटला की ऑर्फा दोनदा तळघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. नुसती उभी राहिली आणि गेली.

मग गाळायचं. एवढं मात्र त्याने दाराच्या फटीतून पाहिलेलं होतं. दोन खुर्च्यांच्या पाठींवर झाडूचा दांडा आडवा ठेवायचा, त्याला उशीच्या जुन्या अभ्र्याचं गाठोडं टांगायचं आणि खाली परात. रात्रभर आपोआप टिपकू द्यायचं. त्याने सगळं तसंच केलं आणि तो झोपायला गेला.

सकाळी परातीत रस होता तो चार बाटल्यांपुरता. दरसाल सात व्हायच्या. माणसं येणार होती दोनशे.

गाठोडं मात्र अजून जड होतं. हायरमने खालून हात लावला. ओलं, गरगरीत, भरलेलं. आता हे हात कुणाचे, तर वयाच्या सहाव्या वर्षापासून गाई पिळणाऱ्याचे. त्याच्या बापाने त्याला तिवईवर बसवून पहिली गोष्ट शिकवली ती ही, की थानातलं शेवटचं दूध निघाल्याशिवाय गाईखालून उठायचं नाही. ते शेवटचं दूधच सगळ्यात दाट. ते आत राहिलं की गाय बिघडते, आणि ते सोडून उठणारा माणूसही बिघडतो. हायरम वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. गवताची गाडी थांबवून रस्त्यावर पडलेली पेंडी उचलायचा. गाठोड्यात तीन बाटल्या रस आहे आणि तो कोंबड्यांना जाणार, हे त्याच्या हातांना सोसवेनाच. डोक्याने विचार करायच्या आधी हातांनी काम सुरू केलं. अंगठा आणि बोटं वरून खाली, वरून खाली, अगदी क्लोव्हरला पिळावं तसं. लालभडक धार परातीत वाजायला लागली. त्याला फार बरं वाटलं. त्याने शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं.

मग सगळा रस एकाच पातेल्यात ओतला, साखर घातली, मंद आचेवर विरघळवली. सात बाटल्या भरल्या. थोडं गढूळ दिसत होतं. बसेल गाळ खाली, असं त्याने स्वतःला सांगितलं. दर दोन दिवसांनी तो तळघरात जाऊन एक बाटली खिडकीच्या उजेडात धरायचा. गाळ काही बसत नव्हता.

जुन्या घराचा दिवस लख्ख उजाडला. हायरमने ऑर्फाला निळा झगा घातला, मागची बटणं त्याच्या जाड बोटांनी लावताना एक तुटलं, तिथे टाचणी लावली. केस विंचरले. ती आरशात बघून म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?"

"आपलं," तो म्हणाला.

मेपलखाली टेबल लागलं. मदतीला मर्टल बॅजर होती. तिला संशय होता, पण हायरमसमोर तिने तो कधी बोलून दाखवला नव्हता. ऑर्फाच्या हातात डाव दिला आणि मग बघणाऱ्यांनी बघत राहावं असं झालं. हाताला सगळं येत होतं. एक डाव पाक, पाच डाव पाणी, बर्फ, पुदिना तळहातावर, एक टाळी, ग्लासात. पुढचा. "या, या," ती प्रत्येकाला म्हणत होती. नाव कुणाचंच घेत नव्हती, पण दोनशे माणसांच्या गर्दीत नावं घेतो कोण?

"काय ऑर्फा, अजून तशीच आहेस!" बोस्टनहून आलेला एक टकलू म्हणाला.

"आणि तुम्हीही," ती म्हणाली. त्याच्या टकलाकडे बघून सगळे हसले.

हायरम मेपलच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्याचा ऊर भरून आला होता. पलीकडे लोरेन हाताची घडी घालून बघत होती, आणि तिचे खांदे हळूहळू सैल होत होते.

ती पुढे आली. "दे गं आई, मलाही एक." घोट घेतला. ग्लास उन्हात धरला. "यंदा गढूळ का आहे?"

"बेरी उशिरा पिकल्या," हायरम चटकन म्हणाला. "अस्वल आलं होतं."

"अस्वलाने गढूळ केलं?"

"तू पी गं!"

लोरेन हसली. खरोखर हसली. "बरं आहे बाबा," ती म्हणाली. "हरले मी." ती असं म्हणाली, हे हायरमने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

एवढ्यात मर्टल म्हणाली, "ऑर्फा, अगं सकाळपासून दुसऱ्यांना पाजतेयस, तू घोटभर घे." आणि तिने एक ग्लास भरून तिच्या हातात दिला.

ऑर्फाने घोट घेतला. गिळला. जीभ टाळ्याला लावली. तिचा चेहरा बदलला. कपाळावर दोन आठ्या पडल्या, त्या अशा की हायरमला त्या ओळखीच्या होत्या आणि दोन वर्षांत दिसल्या नव्हत्या.

"कुणी पिळलं हे?"

"काय गं?" मर्टल म्हणाली.

"कापड. कापड कुणी पिळलं? बिया उतरल्यात यात. तोंड तुरट झालं." तिने ग्लास वर धरला. "बघ रंग. गुरांच्या हौदातलं पाणी बरं."

हायरम पुढे झाला. त्याला काय वाटत होतं ते सांगता यायचं नाही. सगळं फसलं होतं आणि त्याला टोपी हवेत उडवावीशी वाटत होती. ही ती होती. आवाज तिचा, रागही तिचा.

"ऑर्फा, मी केलं गं ते. मीच पिळलं."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज जरा खाली आणला, परक्या माणसाशी आणतात तसा.

"तुम्ही केलंत का? मग ऐका. कापड पिळायचं नसतं. टांगायचं आणि आपण मुकाट झोपायला जायचं. त्याला द्यायचं असेल तेवढं ते देतं. गाई पिळणाऱ्या माणसाच्या हातात तर हे कधी देऊच नये. आमच्याकडे एक आहे तसला. त्याला मी चार दिवस पायरीवर जेवायला घालते."

टेबलाभोवती हशा पिकला. "काढली! ऑर्फाने काढली हायरमची खरडपट्टी!" क्लाइड बॅजर मांडीवर थाप मारून ओरडला. सगळ्यांना वाटलं, बायको नवऱ्याची भर गावात फिरकी घेतेय. मर्टल हसली नाही. लोरेन हसली नाही.

ऑर्फाने टेबलावरची पुदिन्याची जुडी उचलली आणि गर्दीत इकडेतिकडे पाहू लागली. "तो आला का हो? दिसला कुठे? त्याला हा पुदिना द्यायचाय. घोड्यांना माशा लागल्या असतील."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

लोरेनने आईच्या हातातून अलगद जुडी घेतली. "मी देते त्याला, आई," ती म्हणाली, आणि टेबलाला वळसा घालून तिने ती बापाच्या हातात ठेवली. त्याच्याकडे बघितलं नाही.

हायरम चर्चमागे गेला. जाणं भाग होतं, म्हातारे मग घेऊन थांबले होते. बर्फ, दोन बोटं श्रब, दोन बोटं रम, पाणी, लिंबाचा पाला. टाळी वाजवली. क्लाइडने मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यंदा जरा तुरट आहे रे."

"पी मुकाट्याने."

संध्याकाळी ग्लास धुताना लोरेन म्हणाली, "सप्टेंबरच्या शेवटी येते. तिचे लोकरीचे कपडे काढून ठेव."

"तिला चव कळली, लोरेन. एका घोटात कळली. तूही पाहिलंस."

"पाहिलं ना. चव कळली, बाबा. पण तू समोर होतास."

त्याने वाद घातला नाही. सौदा त्याचाच होता.

ऑक्टोबरात मेपलची पानं गळाली. पुढच्या मार्चच्या सभेत दारूच्या दुकानाचा प्रश्न नेहमीसारखा आला आणि हायरमचा हात 'हवं'लाही वर गेला नाही, 'नको'लाही नाही. सभापतींनी मोजणी दोनदा केली. क्लाइड त्याच्या शेजारी सरकून बसला आणि सभा संपेपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही. क्लाइडच्या बाबतीत हे फार झालं.

दर रविवारी चर्च सुटलं की हायरम वीस मैल गाडी चालवत वॉटरी मिल्सला जायचा. ऑर्फा खिडकीशी बसलेली असायची. ती त्याला खुर्ची द्यायची आणि लांबून आलात का विचारायची. तो हो म्हणायचा. तिथल्या बायका चांगल्या होत्या, खोली उबदार होती, तक्रारीला कुठे जागा नव्हती. तक्रारीला जागा असती तर बरं झालं असतं, असं त्याला परतताना वाटायचं.

पुढच्या जुलैत अस्वल आलं नाही. जाळी लगडून गेली. हायरमने दव वाळू दिलं, बेरी तोडल्या, तीन दिवस ढवळलं, टांगलं, आणि या खेपेला तो स्वयंपाकघराचं दार ओढून गोठ्यातच झोपला, हातांवर भरवसा नको म्हणून. गावासाठी सात बाटल्या झाल्या. उजेडात धरलं की पलीकडची खिडकी लाल दिसावी इतक्या नितळ.

पण त्याने सिरक्यात मुरलेल्या मूठभर बेरी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या एका फडक्यात बांधल्या आणि परातीशी बसून दोन्ही हातांनी पिळल्या. वरून खाली, वरून खाली. बिया बोटांना लागेपर्यंत पिळल्या. साखर घालून त्यांची एक लहान बाटली झाली, गढूळ, हौदातल्या पाण्यासारखी. ती घेऊन तो रविवारी निघाला. ओल्या कापडात पुदिना, थर्मासमध्ये झऱ्याचं पाणी. वाटेत एकदा गाडी थांबवून त्याने बाटली हलवून पाहिली, गाळ खाली तर बसला नाही ना म्हणून.

खोलीत त्याने टेबलावर ग्लास मांडला. पाक, पाणी. पुदिना तळहातावर घेतला आणि टाळी वाजवली. ती दचकली, मग हसली.

"घ्या," तिने म्हणावं तसं तो म्हणाला, आणि ग्लास तिच्या हातात दिला.

तिने घोट घेतला. हायरम खुर्चीच्या कडेला सरकला. तिच्या कपाळाकडे बघत होता. तिने दुसरा घोट घेतला, तिसरा. सावकाश, तळापर्यंत प्यायली.

"छान आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही केलंत?"

"हो. जरा गढूळ झालंय, नाही?"

"असू दे."

"बिया उतरल्यात त्यात. मी कापड पिळलं, ऑर्फा. खूप पिळलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे गृहस्थ कशाने एवढे खट्टू झालेत ते तिला कळेना, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायला हवं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला नाही हो त्यातलं कळत," ती म्हणाली. "एवढ्या उन्हाचं घेऊन आलात, हेच पुष्कळ."

तिने रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. बाटलीत अजून तीन-चार घोट होते. ते टाकून देणं त्याच्याच्याने झालं नसतं. त्याने ते पाण्यावाचून तसेच प्यायले, आणि बाटली उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली.